आरसा काढला, मग दिसतं ते काय?

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष आणि अनुमान या दोन प्रमाणांविषयी बोललो. शेवटी एक श्रोते म्हणाले, 'सर, रोजच्या व्यवहारातलं एखादं उदाहरण द्या.' ते उदाहरण आयतंच आमच्या घरी चालून आलं.

आमचा एक जुना विद्यार्थी सांगलीकडे लग्नाचे फोटो काढतो. बी.ए. झाल्यावर त्याने तत्त्वज्ञान सोडलं, आम्हाला मात्र सोडलं नाही. दिवाळीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, 'सर, डीएसएलआर विकून मिररलेस घेऊ का? कर्ज काढावं लागेल. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतोय.' आम्ही काही कॅमेऱ्याचे जाणकार नव्हे. पण प्रश्न नीट समजल्याशिवाय उत्तर देऊ नये ही आमची सवय, म्हणून त्यालाच आमचा शिक्षक केलं. त्यातून जे कळलं ते आज मांडतो.

आधी यंत्र समजून घेऊ. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो, वरचा लोलक तो डोळ्याकडे वळवतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, प्रकाश सेन्सरवर पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. 'खटॅक' आवाज येतो तो त्याचाच.

आरसा मुळात लागला कशाला? फिल्मवर प्रकाश पडला की ती खर्ची पडते. फोटोच्या आधी फिल्मला काही दाखवता येत नाही. म्हणून लेन्समधून बघायचं तर प्रकाश वाटेतच वळवणं भाग होतं. १९५९ मध्ये निकॉनचा एफ कॅमेरा आला आणि ही रचना व्यावसायिकांच्या हातात पक्की बसली. पुढे फिल्म गेली, सेन्सर आला, पण आरसा तसाच राहिला. आता सेन्सर सतत बघू शकतो आणि जे बघतो ते छोट्या पडद्यावर दाखवूही शकतो. म्हणजे आरशाचं कारण संपलं होतं! २००८ मध्ये पॅनासोनिकने बिनआरशाचा जी१ आणला, २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचा ए७ आणला, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन हेही त्याच वाटेने गेले.

आता आपल्या विषयाकडे येऊ. डीएसएलआरच्या भिंगातून दिसतो तो समोरचा प्रकाशच. दृश्य प्रत्यक्ष असतं, आणि फोटो कसा येईल याचं मात्र अनुमान करायचं असतं. उजेड जास्त होईल का, चेहरा काळा पडेल का, हे अनुभवाने ताडायचं. मिररलेसमध्ये उलटं आहे. पडद्यावर जवळजवळ तयार फोटोच दिसतो, उजेड-अंधारासकट. इथे फोटो प्रत्यक्ष आणि दृश्याचं अनुमान! शिवाय ते चित्र सेकंदाच्या अगदी लहान अंशाने मागे असतं. तेव्हा 'डीएसएलआर खरं दाखवतो, मिररलेस खोटं' असं म्हणून भागत नाही. दोन्हींत काहीतरी ताडायचं उरतंच. कोणतं, एवढाच फरक.

लग्नात याचा अर्थ काय? अंतरपाट खाली येतो तो क्षण घ्या. तो पुन्हा येत नाही. डीएसएलआरमध्ये बटण दाबताच आरसा वर जातो आणि भिंगात अंधार होतो. म्हणजे जो क्षण टिपला, नेमका तोच फोटोग्राफरला दिसत नाही. आम्हाला हे ऐकून गंमत वाटली, त्याला वाटत नव्हती. सोनीच्या ए९ ने २०१७ मध्ये हा अंधार घालवला. मात्र सगळे मिररलेस तसे नाहीत, बऱ्याच कॅमेऱ्यांत क्षणभर खंड पडतोच.

दुसरी गोष्ट फोकसची. डीएसएलआर फोकस मोजतो तो आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर. दोन वाटांत केसभर फरक पडला तरी डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. मिररलेसमध्ये मोजमाप आणि फोटो एकाच सेन्सरवर, आणि नवे कॅमेरे डोळा स्वतः शोधतात.

आता दुसरी बाजू. मंगलाष्टकं चालू असताना आवाज न करता फोटो काढता येतात हे खरं. पण तेव्हा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि कार्यालयातले काही एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही अशा वेगाने लुकलुकतात. फोटोवर पट्टे उमटतात. बॅटरीचंही तसंच. ठरावीक चाचणीत निकॉनचा डी८५० एका बॅटरीवर १८४० फोटो देतो, तर झेड७ सुमारे ३३०. प्रत्यक्षात जास्त निघतात, पण हळदीपासून वरातीपर्यंत खिशात चार बॅटऱ्या हव्यात.

लेन्सचं काय? आरसा गेल्याने जागा मोकळी झाली. निकॉनमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर होती, ती १६ वर आली. मधल्या जागेत ॲडॅप्टर बसतो आणि बऱ्याचशा जुन्या लेन्स चालतात. पण ज्या जुन्या लेन्सना फोकसची मोटर कॅमेऱ्यातून मिळायची, त्या निकॉनच्या ॲडॅप्टरवर हातानेच फिरवाव्या लागतात. त्याची लाडकी ८५ ची लेन्स नेमकी तशी निघाली.

आम्ही त्याला एवढंच विचारलं, 'तुझ्या कामात कुठलं अनुमान चुकलं तर गिऱ्हाईक जातं?' भिगवणला पहाटेपासून पक्ष्यांची वाट बघत बसणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल, कारण आरशातून तासन्‌तास बघायला बॅटरी जवळजवळ लागतच नाही. बाजार कुठे चाललाय हे उघड आहे. कॅनन आणि निकॉनचे सर्वांत वरचे डीएसएलआर २०२० चे, त्यानंतर तसे आले नाहीत. पण बाजार पुढे गेला म्हणून तुमच्या हातातला कॅमेरा काल काढत होता त्याहून वाईट फोटो आज काढत नाही.

त्याने एका लग्नापुरता अंधार न होणारा मिररलेस भाड्याने आणला. रात्री फोन आला. 'सर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा फोटो काढता काढता नवरीचा चेहरा दिसला. पण दुपारी तीनला दुसरी बॅटरी संपली.' मग हिशेब मांडला. जुन्या कॅमेऱ्याला आता किंमत फारशी येत नाही, म्हणून तो विकायचा नाही. ८५ ची लेन्स त्याच्यावरच राहील. यंदा मोठ्या लग्नांना मिररलेस भाड्याने आणायचा, आणि सीझनच्या कमाईतून जमलं तर पुढच्या वर्षी घ्यायचा. कर्ज नाही.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे त्यांनी किमतीच्या आधी आपल्या चुकलेल्या फोटोंची यादी करावी. कुठला अंदाज वारंवार चुकतो ते त्यात दिसेल. आज इथेच थांबू.