पाऊस सरासरीने पडत नाही



“औंदा पाऊस किती झाला?” असं कुणी विचारलं, की आपण म्हणतो, बरा झाला, बेताचा झाला, नाहीतर पार दगा दिला. आकडा कुणी सांगत नाही. कचेरीतून आकडा येतो तो सरासरीचा, आणि त्यावर भरवसा टाकून पेरलं तर फसगत होते.

समजा, पाच वर्षांत ९००, ४५०, ७००, ४०० आणि ८५० मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी निघते ६६०. पण ६६० मिलिमीटर पाऊस त्यातल्या एकाही वर्षी पडलेला नाही! सांगोला, मंगळवेढा, जत, आटपाडी, माण या पट्ट्यात असंच चालतं. आपण पडलो सह्याद्रीच्या आडोशाला. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास.

त्यात पुन्हा खंड. आपल्याकडे जूनमध्ये थोडाफार पाऊस होतो, जुलै-ऑगस्टमध्ये ओढ बसते आणि खरा जोर सप्टेंबरात. मृगाच्या पहिल्या सरीवर तिफण धरली आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, की दुबार पेरणी आलीच. बियाणं गेलं, खत गेलं, उसनवारी तेवढी राहिली. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याखेरीज खरीप पेरू नका. मध्यम रानात बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक ओळ धरा. बाजरी हुकली तरी तूर परतीच्या पावसावर तग धरते. भारी रान रब्बीसाठी राखा. उताराला आडवे वाफे पाडून पाऊस जागीच जिरवा आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान मालदांडी ज्वारी पेरा.

“पूर्वी पाऊस असा नव्हता,” असं पारावर ऐकू येतं. हे निम्मंच खरं. १८७६-७७ आणि १९७२ चे दुष्काळ काही आजचे नव्हेत. १९८९ ते २०१८ या तीस वर्षांत राज्याच्या एकूण पावसात ठळक वाढ किंवा घट दिसत नाही. बदलतेय ती पडण्याची तऱ्हा. मध्य भारतात मोठ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याच सोलापूर जिल्ह्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. तेव्हा दुष्काळी मुलूख म्हणून बांधाला सांडवा ठेवायचा आळस करू नका.

आता एक काम स्वतः करा. मंडळाच्या गावी पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडतोच असं नाही. सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा झाडा-घरापासून दूर, मोकळ्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर तो पावसाचा दिवस धरा. कोरड्या दिवशी शून्य मांडायला विसरू नका. खंड किती दिवसांचा पडला, ते त्या शून्यांवरूनच कळतं.