बारोसोचं लिथियम

मंडळी, विजेच्या मोटारी आपल्याला हव्यात, पण त्यांच्या बॅटरीला लागणारं लिथियम खणायचं कुणाच्या अंगणात? आमच्या लंडनच्या शेअर बाजारातली सवाना रिसोर्सेस कंपनी उत्तर पोर्तुगालात, बारोसोला खाण काढू पाहते. पर्यावरण अहवाल २०२० साली दिला. सशर्त मंजुरीला मे २०२३ उजाडलं. भागधारक कुरकुरणारच! पण तिथं डोंगरउतारावर गावाची सामायिक कुरणं आहेत, गायी आहेत. २०१८ मध्ये एफएओनं या शेतीला जागतिक वारसा मानलं. तिथलं पाणी तपासायला लागलेला वेळ आम्हाला तरी वाया गेलेला वाटत नाही. युरोपनं २०२४ च्या कायद्यात निवडक खाणींच्या परवान्यांना २७ महिन्यांची मुदत घातली, मार्च २०२५ मध्ये बारोसोही त्या यादीत आलं. त्याआधी फेब्रुवारीतच काही जमीनमालकांनी कोर्टात जाऊन ड्रिलिंग काही दिवस बंद पाडलं होतं.