मातीचा बैल आणि नोहाचे तारू

पोळा जवळ आला की पांढुर्णा आणि सौसर या भागांत लहान मुलांचे हात कोपरापर्यंत मातीने माखलेले असतात. ज्या मुलास वशिंड आणि शिंगे यांसह बैल घडविता येतो, त्यास मेंढरू घडविणे कठीण नाही. रविवारच्या शाळेत लहानग्यांस बायबलमधील कथा सांगताना आम्हांस या कौशल्याचा फार उपयोग झाला. या कथा मुख्यतः शेतकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या आहेत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्या ओवीत सांगितल्या. आम्ही त्या माती, कापूस व धांडे यांत सांगतो, एवढेच.

नोहाचे तारू ज्वारीच्या धांड्याचे करावे. साल सोलून आतला हलका गाभा काढावा, त्याचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडावेत. धांड्याची बैलगाडी करणाऱ्या मुलांस हे शिकवावे लागत नाही. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद व ३० हात उंच होते. दहा हातांस एक बोट धरले म्हणजे ३० बोटे लांब, ५ रुंद व ३ उंच असा नमुना होतो. तो नावेसारखा न दिसता लांबट पेटीसारखा दिसतो, म्हणून मुले प्रथम हिरमुसतात. परंतु परातीतील पाण्यावर तो तरंगू लागताच तक्रार मिटते. हरवलेल्या मेंढराच्या कथेस पिंजलेला कापूस व मातीचे पाय पुरतात.

दावीद आणि गल्याथ यांच्या कथेने मात्र आम्हांस पेचात टाकले. गोफण येथे प्रत्येक मुलास ठाऊक असते. ज्वारीवरची पाखरे तिनेच हाकलतात. तेव्हा जुन्या कापडाची पट्टी व सुतळी यांची गोफण करून कागदाचे गोळे फेकावेत, असे आम्ही ठरविले. कथेत दोन सैन्ये दोन डोंगरांवर, मध्ये खोरे, आणि दावीद ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचतो. एवढे ऐकून एका मुलाने विचारले, "गल्याथ सावरगावचा होता काय?"

परक्या वाचकास सांगावयास हवे की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, आणि झेंड्यासाठी दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. हीच गोटमार. दरवर्षी पुष्कळ लोक जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. त्या मुलाची चूक नव्हती. त्याने पाहिले होते तेच कथेत ऐकले. गोळे कागदाचे असले तरी नेम माणसावरच धरला जात होता, हे आमच्या ध्यानी आले. मोठ्यांस दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही व्यर्थ गेले. मग मुलांस कागदी गोळ्यांनी काय शिकविणार?

आता आम्ही गोफण फेकण्यास देत नाही, ती दावीदाच्या कागदी चित्राच्या हातात खळीने चिकटवितो. त्याऐवजी गल्याथाची उंची मोजतो. ती सहा हात व एक वीत सांगितली आहे. तेवढी खूण कोळशाने भिंतीवर करताना स्टूल घ्यावे लागते. खुणेखाली उभे राहिलेले मूल वर पाहते आणि गप्प होते.

पेरणाऱ्याच्या दृष्टान्तास वेळ लागतो, पण आम्हांस तोच सर्वांत प्रिय. एका पसरट परातीत चार भाग करावेत: तुडविलेली वाट, खडीवर मातीचा पातळ थर, काटेरी झुडपाच्या डहाळ्या आणि ओली काळी माती. सर्वत्र ज्वारी टाकून परात उन्हात ठेवावी. पुढच्या रविवारपर्यंत काळ्या मातीत हिरवे कोंब दिसतात, खडीवरचे उगवून माना टाकतात, वाटेवरचे दाणे चिमण्या नेतात. खडीवरच्या कोंबांस काही लहानगी मुले चोरून पाणी घालतात. दृष्टान्त बिघडतो खरा, पण आम्ही त्यांस रागावत नाही.