लॅटव्हियाचे चित्रकार आणि निर्वासित माणूस

आधुनिक चित्रकलेची चर्चा आपल्याकडे पॅरिसपासून सुरू होते आणि पॅरिसपाशीच संपते. बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियातील चित्रकारांची नावे तीत क्वचितच येतात. मला ते महत्त्वाचे वाटतात, कारण नवी शैली कोणासाठी राबवायची, या प्रश्नाला त्यांनी कामातून उत्तर दिले.

लॅटव्हियन शेतकरी शतकानुशतके जर्मन जमीनदारांचा भूदास होता. ही पद्धत कुर्झेमे प्रांतात १८१७ साली आणि विदझेमेत १८१९ साली कायद्याने रद्द झाली. माणूस मुक्त झाला. जमीन मात्र जमीनदाराकडेच राहिली. लॅटव्हियन म्हणजे खेडवळ, ही समजूत इतकी खोल होती की शिकलेसवरलेले अनेकजण स्वतःला जर्मन म्हणवून घेत.

१९१५ साली जर्मन फौजा कुर्झेमेत शिरल्या आणि लाखो माणसे घरदार सोडून निघाली. याझेप्स ग्रोस्वाल्ड्स हा रीगातील वकिलाचा मुलगा, पॅरिसमध्ये शिकलेला. येकाब्स कझाक्स त्याच्याहून चार वर्षांनी लहान. युद्धकाळात तो रशियातील पेन्झा येथे चित्रकला शिकत होता. दोघांनीही हे निर्वासित रंगवले. कझाक्सचे 'निर्वासित' हे चित्र १९१७ सालचे. त्यात रडवणारा तपशील नाही. आकार सोपे व जड, रंग मातकट. पॅरिसच्या नव्या शैलींनी दिलेला हा साधेपणा येथे वेगळ्याच कामी आला. बेघर झालेली माणसे पाहणाऱ्याकडे दया मागत नाहीत. त्यांचे दुःख लपवलेले नाही, पण त्यांचे माणूसपणही उणे केलेले नाही. माझ्या मते या चित्रांचे खरे मोल येथे आहे.

त्यांच्याआधी रीगात जन्मलेल्या वोल्डेमार्स मात्वेय्सने १९१३ साली युरोपातील संग्रहालये हिंडून आफ्रिकन शिल्पांची छायाचित्रे घेतली होती. 'रानटी' ठरवलेल्या या मूर्तींचा त्याने कला म्हणून विचार केला. १९१४ साली तो वारला. त्याचा ग्रंथ १९१९ साली पेट्रोग्राडमध्ये निघाला.

१९२० साली रीगात या तरुणांचा कलावंत गट उभा राहिला. त्याच वर्षी ग्रोस्वाल्ड्स इन्फ्लुएन्झाने आणि कझाक्स क्षयाने गेला. एक अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, दुसरा पंचविशीतला. त्याच पिढीतला अलेक्सांद्र्स द्रेव्हिन्श मॉस्कोत राहिला. १९३८ साली स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळी घातली.

शैली उसनी घेता येते. ती कोणाच्या बाजूने उभी करायची, हे मात्र कलावंतालाच ठरवावे लागते. या तरुणांनी ते ठरवले होते.