टाके निघाले, पण हात बरा झाला का?

पुनावळे, ताथवडे परिसरात कारखान्यातून घरी आल्यावरही अनेकजण ड्रिल, ग्राइंडर घेऊन काहीबाही करीत असतात. बोट कापले, तर टाके साधारण 10 ते 14 दिवसांत निघतात आणि माणूस लगेच पान्हा उचलतो. नेमके इथेच चुकते! कातडी जुळली, तरी आत तुटलेली, शिवलेली कंडरा, म्हणजे बोट ओढणारी दोरी, कच्चीच असते. जड काम पेलायला तिला सुमारे 12 आठवडे लागतात. आधी जोर लावल्यास ती पुन्हा तुटते. हात मुळीच न हलवल्यास बोटे आखडतात. म्हणून व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच व तसाच करावा. मूठ पूर्ण वळते का, बोटांना गरम-गार कळते का, हे त्यांच्याकडून तपासून घेऊनच यंत्राकडे वळावे. ड्रिलवर मात्र हातमोजे नकोत. फिरत्या बिटात अडकून ते हातच ओढून नेतात.