मंगळवारचा दवाखाना

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं. त्याला २० वर्षं झाली म्हणून जुन्या लोकांचा सत्कार होता, मलाही निमंत्रण होतं. त्याच आठवड्यात फोनवर एक फोटो आला: धडगावकडच्या डोंगरात चार जण बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली नेताहेत. सत्काराला मी गेलो नाही.

१९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू गाजले, १९९५ ला नवसंजीवन योजना आली आणि आदिवासी भागात डॉक्टरांची भरारी पथकं फिरू लागली. त्यातलाच मी एक. पहिली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. जीप, चिखल, हिवतापाच्या काचा, आणि मानधन कधी येणार याची चर्चा.

खरं काम नंतरच्या दहा वर्षांतलं. २००६ मध्ये सरदार सरोवराची भिंत १२१.९२ मीटरवर गेली. नर्मदाकाठच्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या, पाडे एकमेकांपासून तुटले. तिथं दवाखाना बोटीतूनच पोचायचा. कागदोपत्री ‘तरंगता दवाखाना’. बोट म्हणजे खडखडणारं इंजिन, लशीचा डबा, एक नर्सताई, एक औषधवाला. आमच्या एका काठाचा वार मंगळवार. एकदा डिझेल संपलं आणि पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. काठावर अकरा माणसं सकाळपासून बसलेली. एक म्हातारी म्हणाली, “मंगळवार म्हणालास ना तू?” (तिकडे साहेबालाही अरे-तुरेच. मला ते फार आवडायचं.) वर चढून जायला तिला तीन तास लागणार होते.

सिकलसेलच्या पोरांना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबानं मिळायच्या. वार चुकला की गोळ्या चुकायच्या, म्हणून आम्ही तापातही जायचो.

मग एका वरिष्ठांनी आमचं जानेवारीचं रजिस्टर उघडलं. ओपीडी कमी, डिझेल जास्त. भर बैठकीत त्यांनी मला उभं केलं आणि ठरलेला वार बंद करून ‘उद्दिष्टानुसार’ फेऱ्या लावल्या. तेव्हा गप्प बसलो, आता सांगतो. साहेब, दिवाळीनंतर निम्मा पाडा गुजरातेत उसाच्या फडावर असतो. माणसं भोंगऱ्या बाजाराला, होळीला परततात. मार्चचं रजिस्टर बघितलं असतंत तर? पण आर्थिक वर्ष संपत आलं होतं, तुम्हाला घाई होती.

वार गेला आणि माणसं यायची थांबली. मग ओपीडी खरोखरच कमी झाली.

२०१४ मध्ये १०८ रुग्णवाहिका आली. तिला मी नावं ठेवणार नाही, जिथं रस्ता आणि रेंज आहे तिथं तिनं जीव वाचवले. २०१७ ला धरणाचे दरवाजे बंद झाले, पाणी १३८.६८ मीटरपर्यंत अडवायची सोय झाली, काठ आणखी वर सरकला. आताच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला जीपीएस आहे, तपासणीचं यंत्र आहे, फोटो टाकायचं ॲप आहे. डांबर संपतं तिथं ती उभी राहते, फोटो निघतो, वळते.

अभियानानं एक गोष्ट मात्र चोख दिली: आशाताई. आमच्या त्या काठावरची आशा अजूनही गोळ्यांच्या पुड्या मंगळवारीच वाटते. गाडी कधी येणार, हे तिलाही कुणी कळवत नाही.