जुन्या घराची मोड, नव्या घराचे सामान

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत दिवाळी सरली की जुनी घरे उतरवायची घाई सुरू होते. भात झोडून झालेले असते, पावसाला सहा-सात महिने अवकाश असतो आणि तेवढ्यात कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे करायचे असते. पाडकाम घेणारा माणूस जुन्या घराचे लाकूड, कौले, लोखंड बहुतेकदा उक्तेच उचलतो. कधी त्याचे थोडे पैसे हातावर ठेवतो, कधी पाडण्याच्या मजुरीतून वळते करतो. मग वास्तुशांतीच्या तोंडावर तेच कुटुंब कल्याणला किंवा उल्हासनगरला जाते आणि सोफा, कपाट, दिवाण हप्त्यावर घेऊन येते. हे दोन व्यवहार एकाच वहीत कोणी मांडत नाही. मांडले तर लगेच कळेल की कमी पैशात घर सजवायला लागणारे जुने, चांगले सामान शोधायला या भागातल्या माणसाला कुठेही जायला नको. ते त्याच्या पडायला आलेल्या घरातच आहे आणि आपण ते मातीमोलाने घालवतो आहोत.

त्या घरात नेमके असते काय? बऱ्या परिस्थितीच्या घरात सागाचे खांब, तुळया, दाराच्या चौकटी, फळ्यांचा माळा, एखादा पेटारा, झोपाळ्याची फळी. साध्या घरात कारवीच्या कुडाच्या भिंती असतात, पण वासे आणि दार तरी जंगलातल्या पक्क्या लाकडाचेच. जुन्या सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि काही रसायने असतात, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि ओलीने ते फारसे फुगतही नाही. झाडाच्या बाहेरच्या फिकट थराला मात्र हे संरक्षण नसते. आता हप्त्यावर आणलेले कपाट पाहा. ते लाकडाच्या भुशात आणि चुऱ्यात गोंद मिसळून, दाबून केलेल्या पाट्यांचे असते. वरचा कागद दिसतो सुरेख, पण कडेतून पाणी शिरले की पाटी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात घट्ट बसत नाही. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा तलाव याच शहापुरात आहेत, ते इथल्या पावसाच्या जोरावर. जिथे चार महिने भिंतींना ओल धरते, तिथे भुशाचे कपाट आणणे आणि साग विकणे हा घाट्याचा सौदा आहे, आणि तो आपण नवेपणाच्या हौसेने करतो.

जागेचा हिशोबही याच बाजूने बोलतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातल्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे आणि सपाट भागात त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान ठरलेले आहे. एवढ्या घरात तीन-दोनचा सोफा ठेवला की माणसांनी बसायचे कुठे, हाच प्रश्न उरतो. उलट जुना पेटारा भिंतीला लावला तर गोधड्या आत जातात आणि वर दोन माणसे बसतात. माळ्याच्या फळ्यांचा रुंद बाक केला तर दिवसा ओटी, रात्री बिछाना. जुन्या दाराची एक फळी लोखंडी घोड्यावर आडवी टाकली की मुलांना अभ्यासाचे टेबल मिळते आणि कडीच्या जागची झिजलेली खूण त्यावर तशीच राहते. सजावट म्हणजे भिंतीवर काय टांगले एवढेच नसते. एक वस्तू दोन कामे करते आणि मोकळी जमीन राखते, तेव्हा लहान घर सुंदर दिसते.

कौलांचेही तसेच. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला आणि पुढे ती कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. घर पाडताना ती बेफिकिरीने खाली फेकली जातात. केरळात राहून स्वस्त घरांचा ध्यास घेतलेल्या लॉरी बेकर यांनी हीच जुनी कौले नव्या स्लॅबमध्ये वापरून दाखवली. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण सोसत नाही, तो ताण सळई सोसते. म्हणून सळयांच्या चौकोनांत कौलांची जोडी बसवली तर तेवढे काँक्रीट वाचते, स्लॅब हलकी होते आणि खालून पाहिले तर तांबड्या कौलांची नक्षी आयती मिळते. हे काम मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये, अभियंत्याकडून सळईचा हिशोब करून घ्यावा. ज्यांना एवढे नको, त्यांनी निदान परसातल्या वाफ्यांच्या कडेला ती उभी लावावीत. घरातल्या बायकांच्या जुन्या साड्यांबद्दल वेगळे सांगायला नको. त्यांच्या गोधड्या होतातच, पण खिडकीला सुती साडीचा पडदा लावला तर बाजारातल्या जाड, चकचकीत पडद्यापेक्षा उजेड आणि वारा दोन्ही चांगले येतात. पितळेचे हंडे, घंगाळ, तपेली मोडीत घालण्याआधी एवढे पाहावे की मोडीचा भाव फक्त धातूचा मिळतो, घडणावळीचा एक पैसाही मिळत नाही. त्यात स्वयंपाक करायचा तर कल्हई हवीच. पाणी किंवा फुले ठेवायची तर चिंच आणि मीठ लावून घासणे पुरेसे आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा नाही, मानाचा आहे. ज्या कातकरी, ठाकर किंवा भूमिहीन कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी टाकलेलेच वापरले, त्यांना जुन्याचे कौतुक ऐकवणे क्रूर वाटू शकते. नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची ही त्यांच्यासाठी कुणाच्या उपकाराशिवाय आलेली पहिली वस्तू असेल, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून हे लिहिणे त्यांना काटकसरीचा उपदेश करण्यासाठी नाही. मात्र दान म्हणून अंगावर आलेले जुने आणि आपल्या आजोबांनी घडवून घेतलेले जुने यांत मोठे अंतर आहे. दुसरे ठेवण्यात मान कमी होत नाही. शिवाय जे सधन आहेत, ज्यांच्या घरात खरोखर सागाच्या तुळया आहेत, त्यांच्याकडूनच सर्वाधिक लाकूड बाहेर जाते.

दुसरी अडचण भाऊबंदकीची. जुने घर चार भावांचे असते. पैशाची वाटणी सोपी, दाराची अवघड, म्हणून सगळे विकून रोकड वाटून घेण्याकडे कल असतो. यावर तोडगा आहे. घर उतरवण्याआधी सामानाची यादी करावी, व्यापाऱ्याकडून प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव विचारून लिहून ठेवावा आणि ज्या भावाला जे हवे, त्याने त्या किमतीने इतरांचा हिस्सा चुकता करावा. उक्त्या सौद्यात वस्तूंचे खरे मोल झाकले जाते. सुटा भाव विचारला की ते उघड होते, मग काही विकायचे ठरले तरी पदरात चार पैसे जास्तच पडतात.

तिसरा आक्षेप मजुरीचा, आणि तो बराचसा खरा आहे. मोडका सोफा दुरुस्त करायला सुताराचे आणि गादीवाल्याचे पैसे धरले तर नवा सोफा स्वस्त पडेल. म्हणून कमी हात लावून वापरता येईल तेवढेच ठेवावे. वस्तू उलटी करून पाहावी. खाली बारीक पिवळसर भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. टोकदार खिळा सहज आत शिरत असेल तर लाकूड गेलेले आहे. सांधे खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी ठोकलेले असतील तर ते शंभरदा आवळता येतात. जुना तैलरंग खरवडताना मात्र सावध राहावे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. कोरडे घासण्याऐवजी पाणी मारून घासावे आणि लहान मुलांना लांब ठेवावे. नंतर जवसाचे तेल हलक्या हाताने पुसले तरी साग उजळतो. तेलाने भिजलेल्या फडक्यांचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत. जुन्या गाद्या ढेकणांसाठी नाकाराव्यात. जुना पंखा आणि जुना फ्रीज तर विजेच्या बिलासाठीच सोडून द्यावा. साधा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५ वॉटमध्ये चालतो.

कायद्याचे भानही हवे. पडवीत लटकलेली सांबराची शिंगे विकणे किंवा विकत घेणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कोरीव शिल्प पुरावस्तू कायद्याखाली येते, त्याचा सौदा मनाला येईल तसा करता येत नाही. सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत. गाडीभर लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारावे.

आता राहिले वासिंद, आसनगावच्या इमारतींत नव्याने राहायला आलेले लोक. यांतले अनेकजण लोकलने मुंबईला जातात आणि जुने फर्निचर हवे झाले की जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या दुकानांकडे पाहतात. तिथल्या किमतीत पॉलिश, जागेचे भाडे आणि टेम्पो सगळे येते. त्याच पैशात, किंवा त्याहून कमीत, शेजारच्या गावातल्या उतरणाऱ्या घराची चौकट थेट घेता येईल. पण मोडीच्या भावाने नव्हे. मालकाला मोल ठाऊक नाही याचा फायदा उठवून घेतलेली वस्तू स्वस्त असली तरी ती लुबाडणूकच ठरते. पुण्यात दिनकर केळकरांनी दारे, दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी असल्या रोजच्याच वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि पुढे तो संग्रह शासनाला दिला. आज त्या संग्रहालयात लोक तिकीट काढून जे पाहतात, ते कधीकाळी कुणाच्या तरी माजघरातले साधे सामानच होते.

यंदा घर उतरवायचे ज्यांनी ठरवले आहे त्यांनी पाडकामवाल्याला होकार देण्याआधी गावातल्या सुताराला एक दिवसाची मजुरी देऊन घरी बोलवावे. दारे, फळ्या आणि पेटारे त्याच्याकडून नीट सुटे करून घ्यावेत, एखाद्या पत्र्याच्या शेडखाली विटांवर रचून ठेवावेत आणि नव्या घराचा आराखडा काढताना त्यांची मापे मिस्त्रीच्या हातात द्यावीत.